मिरवणूक, झेंडा आणि भिंत : भिवंडीच्या रस्त्यावरची कला

१/
सुताच्या शहरावर आज एक मोठा धागा. तरुणांच्या हातून होणारा हिंसाचार थांबवायचा असेल तर वस्तीतल्या भिंती रंगवाव्यात, पथनाट्ये करावीत, मंडळांनी प्रबोधनाचे देखावे उभारावेत, असा सल्ला हल्ली सर्वत्र ऐकू येतो. सल्ला चांगला आहे. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. रस्त्यावरची कला स्वभावतःच शांततेच्या बाजूची असते, असे आपण धरून चालतो. भिवंडीचा गेल्या सहा दशकांचा इतिहास हे गृहीतक मान्य करीत नाही. तो काय सांगतो, ते क्रमाने पाहू.

२/
प्रथम शहराची ओळख. ठाणे जिल्ह्यातील कामवारी नदीकाठचे हे जुने गाव. येथे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. पुढे उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि भिवंडी देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झाले. सूत कोणाचे, माग कोणाचा, मजूर कोठला आणि कापड विकणारा व्यापारी कोण, हे पाहत गेलो तर एकाच ताग्यात दोन्ही धर्मांची, चार-पाच प्रांतांची माणसे सापडतात. बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवणारा बहुतांश कामगार तरुण आणि घरापासून दूर आलेला. त्याचे दिवाणखाने दोनच, एक चहाचे हॉटेल आणि दुसरा रस्ता.

३/
'सार्वजनिक कला' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रंगवलेली भिंत येते. महाराष्ट्राच्या रस्त्यावर मात्र भिंतचित्रापेक्षा कितीतरी जुने कलाप्रकार नांदले आहेत. मोहरमचे ताबूत, गणपतीचे मेळे, मंडळांचे देखावे, मिरवणुकीतील लेझीम आणि ढोल, जलसा, पोवाडा, कमानी, पताका, नाक्यावरचा काळा फळा. यांतील प्रत्येक कला समूहाने घडवलेली, समूहाच्या वर्गणीवर चाललेली आणि प्रामुख्याने तरुणांच्या हाती असलेली. त्यामुळे 'तरुण, हिंसा आणि सार्वजनिक कला' हा विषय आपल्याकडे कोणत्याही परदेशी उपक्रमाच्या आधीपासून अस्तित्वात होता. फक्त त्याला हे नाव नव्हते.

४/
आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात पुण्यासह अनेक गावांत हिंदू मोठ्या संख्येने मोहरममध्ये सामील होत. ताबूत बांधण्यात आणि वाद्ये वाजवण्यात त्यांचा वाटा असे. ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत दंगल उसळली आणि पाऊणशेच्या आसपास माणसे मेली. त्याच सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप मिळाले आणि मेळे निघू लागले. एकसारखा पोशाख केलेली तरुण मुले, तालावर पडणारी पावले आणि सामूहिक गाणी. मोहरमच्या टोळ्यांचा आकृतिबंध या मेळ्यांनी उचलला आणि त्यांतील काही गाणी हिंदूंनी ताबुतांना जाऊ नये, असे बजावणारी होती. जी कला दोन समाजांना एका रस्त्यावर आणत होती, तिच्याच घाटातील दुसऱ्या कलेने त्यांचे रस्ते वेगळे केले.

५/
याच साधनांचा उलट दिशेनेही उपयोग झाला. सत्यशोधक जलशांनी गावोगाव जातिभेदावर प्रहार केले. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावातील कामगाराला त्याचे दुःख त्याच्याच भाषेत ऐकवले. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल; संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर लाखो मराठी माणसे डोलली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तरुणांची एक पिढी तयार झाली. डफ तोच आणि रस्ताही तोच. पण तो कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वाजवायचा, हे वाजवणाऱ्या गटाने ठरवले. हे सूत्र मनात धरून आता भिवंडीत येऊ.

६/
१९६० च्या दशकात भिवंडीत शिवजयंतीची सार्वजनिक मिरवणूक सुरू झाली आणि तिच्याभोवती हळूहळू ताण साठत गेला. मशिदीसमोरून जाताना वाद्ये वाजवायची की नाही, गुलाल किती आणि कोणावर उधळायचा, घोषणा कोणत्या द्यायच्या, यावर दरवर्षी वाद. ७ मे १९७० रोजी मिरवणुकीवर दगड आले, पाहता पाहता शहर पेटले आणि ती आग जळगाव व महाडपर्यंत पोहोचली. शिवाजी महाराजांच्या नावाने निघालेल्या मिरवणुकीचा शेवट घरे, माग आणि माणसे जाळण्यात झाला.

७/
या तिन्ही ठिकाणच्या दंगलींच्या चौकशीसाठी न्या. डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याचा अहवाल वाचावा तो एका विशेष कारणासाठी. त्यात राजकीय पक्ष, संघटना आणि पोलिसांचे वर्तन यांची कठोर चिकित्सा आहेच. पण त्याबरोबर रस्त्यावरील दृश्यांचीही बारकाईने नोंद आहे. लाठ्यांना लावलेले झेंडे, गुलाल, घोषणा, मिरवणुकीचा मार्ग. न्यायाधीशाला झेंड्याच्या काठीची चौकशी करावी लागते, यावरून कळते की दंगल ही अचानक उसळलेली लाट नव्हती. तिची रंगीत तालीम वर्षानुवर्षे सर्वांसमक्ष चालू होती. झेंड्याची काठी आणि डोक्यात घालायची लाठी एकच असल्यावर कला कोठे संपली आणि हत्यार कोठे सुरू झाले, हे कसे ठरवणार?

८/
१९७० नंतर ही मिरवणूक बंद झाली. १९८४ साली तिला पुन्हा परवानगी मिळाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात वातावरण आधीच भाषणांनी आणि प्रतिभाषणांनी तापलेले होते. झेंडे कोठे लावायचे, यावरून वाद झाला आणि १७ मे रोजी भिवंडी दुसऱ्यांदा पेटली. दंगल कल्याण, ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली. या संपूर्ण पट्ट्यात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. चौदा वर्षांत एक पिढी बदलली होती. १९७० मध्ये जी मुले आईच्या कडेवर होती, ती आता मिसरूड फुटण्याच्या वयात आली होती. त्यांना जुन्या दंगलीची गोष्ट वारशात मिळाली; परंतु तिच्यातून काय शिकायचे, हे सांगणारी कोणतीही संस्था शहरात उभी राहिली नव्हती.

९/
ती संस्था १९८८ नंतर उभी राहिली. पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी शहरभर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. सुमारे ७० समित्या, प्रत्येकीत दोन्ही समाजांची माणसे आणि प्रत्येकीशी जोडलेला पोलीस कर्मचारी. दंगल झाल्यावर पुढाऱ्यांची शांतता समिती बोलावण्याची पद्धत पूर्वीपासून होती. येथे फरक असा की या समित्या शांततेच्या काळात नियमितपणे बसत. नळावरचे भांडण, उधारीचा तंटा, पोरांची मारामारी, अशा किरकोळ गोष्टी तेथे सुटत. सण आला की मिरवणूक कोणत्या वाटेने जाईल, वाद्ये कोठे थांबतील, स्वयंसेवक कोण असतील, हे त्याच ओळखीच्या माणसांमध्ये ठरे. अफवा आली तर ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत एक नाव आणि एक दार माहीत असे.

१०/
या रचनेची परीक्षा लवकरच झाली. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. त्या काळात, दोनदा जळून निघालेली आणि मुंबईच्या उंबरठ्यावर असलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलींच्या आपल्या अभ्यासात भिवंडीचा दाखला दिला आहे. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा : एकमेकांच्या शेजारी राहणे पुरेसे नसते, दोन समाजांतील माणसे एकाच संस्थेत बसत असतील, तर अफवेला पसरायला जागा उरत नाही.

११/
येथे एक आक्षेप रास्त आहे. यात कला कोठे आली? समितीने ना चित्र काढले, ना गाणे रचले. परंतु १९७० आणि १९८४ मध्ये वाद कशावरून झाले होते, ते आठवून पाहा : वाद्ये, गुलाल, घोषणा, झेंडे, मार्ग. समितीच्या बैठकीत वाटाघाटी होत त्या नेमक्या याच गोष्टींच्या. रस्त्यावर काय दिसावे आणि काय ऐकू यावे, हे दोन्ही बाजूंच्या माणसांनी आधी एकत्र बसून ठरवायचे. सार्वजनिक कलेतील सर्वांत अवघड काम हेच असते. रंग त्यानंतर येतो.

१२/
रंग नंतर कसा येतो, याचे उदाहरण जवळच्याच धारावीत आहे. १९९२-९३ च्या दंगलीत धारावी होरपळली. त्यानंतर भाऊ कोर्डे आणि वकार खान हे दोघे कार्यकर्ते तेथील मोहल्ला समित्यांच्या कामात एकत्र आले. वकार खान यांचा तयार कपड्यांचा छोटा व्यवसाय होता. त्यांनी वस्तीतील चार लहान मुलांना चार धर्मांचे वेष चढवून त्यांचे छायाचित्र काढले, मागे तिरंगा, खाली 'हम सब एक हैं' ही ओळ, आणि त्याचे पोस्टर छापून धारावीत लावले. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या 'नाता' (२००३) या माहितीपटात या मैत्रीची आणि या पोस्टरची गोष्ट आली आहे.

१३/
कलासमीक्षकाला हे पोस्टर बाळबोध वाटेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसावे असेच ते आहे. मग ते धारावीत का चालले? कारण ते लावणारी माणसे वस्तीला ठाऊक होती. दंगलीनंतरच्या दिवसांत हीच माणसे गल्लोगल्ली फिरली होती, बैठकांना बसली होती, रागावलेल्या तरुणांशी बोलली होती. बाहेरच्या संस्थेने हेच पोस्टर ट्रकमधून आणून चिकटवले असते, तर महिन्याभरात त्याच्यावर सिनेमाची जाहिरात आली असती. पोस्टरला वजन आले ते त्यामागच्या चपला झिजल्यामुळे.

१४/
आता एक नजर बाहेरच्या जगाकडे. १९८४ साली, म्हणजे भिवंडी दुसऱ्यांदा जळाली त्याच वर्षी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने भिंती खरडून विद्रूप करणाऱ्या मुलांसाठी एक योजना सुरू केली. चित्रकार जेन गोल्डन यांनी या मुलांना पकडून देण्याऐवजी मोठी भिंतचित्रे काढायला शिकवले. पुढे त्यातून शहराचा भिंतचित्र कार्यक्रम उभा राहिला आणि आजवर हजारो चित्रे झाली. या कामातील एक प्रसंग आपल्या विषयाला थेट भिडतो. तुरुंगातील कैदी आणि गुन्ह्यांत आप्तजन गमावलेले लोक यांनी मिळून एक चित्र करावे, असे ठरले. कैद्यांना भिंतीपाशी नेता येत नव्हते, म्हणून कापडावर रंगवून ते कापड नंतर भिंतीवर चिकटवले गेले.

१५/
पण चित्रात काय असावे, यावर दोन्ही बाजूंचे जमेना. पीडितांना आपले दुःख दिसायला हवे होते, कैद्यांना आपला पश्चात्ताप. बैठकींमागून बैठकी झाल्या, शब्दाला शब्द लागले. अखेर एकाऐवजी दोन चित्रे झाली, आणि २००४ च्या सुमारास ती भिंतींवर चढली. हे अपयश होते असे कोणी म्हणेल. मला मात्र या प्रकल्पाचे खरे फळ त्या भांडणातच दिसते. खून ज्याने केला तो आणि ज्याच्या घरातला माणूस गेला तो, दोघे एका टेबलाशी बसून रंगरेषांवर वाद घालत होते. त्या वादाला हत्याराची गरज पडली नाही. भिवंडीच्या मोहल्ला समितीत बसलेली माणसे आणि ही माणसे एकाच प्रकारचे काम करीत होती.

१६/
दुसरे वर्ष २००६. उत्तर आयर्लंडमध्ये घरांच्या भिंतींवर बुरखाधारी बंदूकधाऱ्यांची चित्रे दशकानुदशके होती. तरुणांची भरती जणू त्या भिंतीच करीत. २००६ मध्ये तेथील कला परिषदेने या चित्रांच्या जागी नवी चित्रे आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यासाठी वस्तीशी सल्लामसलत आवश्यक मानली. त्याच वर्षी जुलैमध्ये भिवंडीत दफनभूमीलगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून संघर्ष उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चारही घरांत आक्रोश सारखाच झाला असेल. मोहल्ला समित्या तोवर निस्तेज झाल्या होत्या, हे त्या वेळी अनेकांनी निदर्शनास आणले. अधिकारी बदलले, बैठका थांबल्या, आणि ज्या दारावर जाऊन विचारायचे ते दार तरुण पिढीला ठाऊकच नव्हते.

१७/
२००९ चा सप्टेंबर. मिरजेत गणेशोत्सवातील कमानीवर अफजलखान वधाचे चित्र होते. त्यावरून दंगल झाली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजीपर्यंत गेले. इचलकरंजीही यंत्रमागाचेच शहर. प्रतापगडावरील प्रसंग शाळेच्या पुस्तकात आहे, पोवाड्यांत आहे. तो चितारण्यात स्वतःहून काही वावगे नाही. पण चित्राचा अर्थ ते कोठे लावले आहे, कोणाच्या दाराकडे तोंड करून लावले आहे आणि त्याच्या आधी कोणाशी बोलणे झाले आहे, यांवरही ठरतो. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या आपण मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कमानीवरील चित्राला समर्थन म्हणून पुढे केला जातो तो आपलाच विषय.

१८/
आणि आता भिंत खिशात आली आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव निर्माण झाला, जमाव रस्त्यावर आला, इंटरनेट बंद करावे लागले. सतराव्या-अठराव्या शतकातील राज्यकर्त्यांची चित्रे आणि एकविसाव्या शतकातील पोरे. नाक्यावरचा फळा निदान कोणी लिहिला, हे नाक्याला माहीत असे. तो पुसायला ओल्या फडक्याचा एक हात पुरे. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते, पण त्याचे छायाचित्र फिरत राहते आणि ते लावणारा मुलगा कोणत्या गल्लीतला, हे विचारण्याआधीच दगड उचललेला असतो.

१९/
या सगळ्यातून हाती काय लागते? हिंसाचाराविरुद्धच्या कोणत्याही सार्वजनिक कलेला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, चित्र काय असावे हे ठरवताना कोण कोण बसले होते? एकाच बाजूची माणसे असतील तर तो फलक झाला, संवाद नव्हे. दुसरा, ते घडवणाऱ्या हातांत ती मुले आहेत का, जी उद्या दगड उचलू शकतात? चांगल्या मुलांनी चांगल्या मुलांसाठी काढलेले चित्र सुंदर असेल, पण त्याचा पत्ता चुकलेला असतो. तिसरा, पाच वर्षांनी रंग उडाला की तो पुन्हा कोण भरणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर २००६ ची भिवंडी आठवावी. उडालेला रंग डोळ्यांना दिसतो. थांबलेल्या बैठका कोणाच्याच लक्षात येत नाहीत.

२०/
आज राज्यभर स्वच्छता स्पर्धांच्या निमित्ताने भिंती रंगवल्या जात आहेत. झाडे, पक्षी, थोर पुरुष, सुविचार. एखाद्या शहराने त्यांतील एकच भिंत निवडावी, दोन मोहल्ल्यांच्या सीमेवरची. तिच्यावर काय काढायचे, हे दोन्हीकडच्या पोरांना वर्षभर भांडून ठरवू द्यावे. कापड तर भिवंडीत हवे तेवढे आहे. फिलाडेल्फियाप्रमाणे त्यावर तुकड्यातुकड्याने रंगवता येईल, म्हणजे रात्रपाळीच्या कामगारालाही आपल्या सवडीने हात लावता येईल. चित्र कदाचित साधेच होईल. पण त्या वर्षात पलीकडच्या गल्लीतील निदान वीस मुलांची नावे अलीकडच्या वीस मुलांना पाठ झालेली असतील. अफवेच्या रात्री उपयोगी पडतात ती हीच नावे. भिवंडीने हे १९९२ मध्ये एकदा करून दाखवले आहे.

धागा समाप्त. मादन आयोगाचा अहवाल आणि खोपडे यांचे पुस्तक ज्यांनी वाचलेले नाही, त्यांनी या दोहोंपासून सुरुवात करावी. आपल्या गावातील मिरवणूक, देखावा किंवा नाक्यावरचा फळा यांचा असा काही इतिहास आजी-आजोबांकडून ऐकला असेल, तर तो लिहून ठेवा.